चारशे कुएर्दा जंगल

छत्री आणू नका. आपण जातोय तिथे पाऊस थांबल्यावरही झाडं तासभर गळत राहतात, छत्रीने काही होत नाही. बुटांचं मात्र नीट बघा. चिखल घोट्यापर्यंत आहे असं कोणी म्हणालं, तर तो गुडघ्यापर्यंत धरून चला. आणि स्पॅनिश येत नसेल तर संकोच नको, तुमच्यासोबत चालणाऱ्या बऱ्याच जणांना ती मोडकीतोडकीच येते. ते आपसात माम बोलतात, कोणी कांहोबाल, कोणी पोप्ती. आपण ग्वाटेमालात आहोत, पण सरकारच्या भाषेपासून बरेच लांब.

जंगल पुढे आहे. आधी समुद्राकडे जाऊ, कारण ही माणसं जंगलात का शिरली याचं उत्तर तिकडे आहे.

1960 च्या दशकातला मध्य. तुम्ही एका उघड्या ट्रकच्या हौद्यात उभे आहात. बसायला जागा नाही. शेजारचा माणूस तोदोस सांतोसचा, हे त्याच्या लाल पट्ट्यांच्या विजारीवरून कळतं. त्याचं गाव जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीवर, वेवेतेनांगोच्या डोंगरात आहे. तिथल्या थंडीला सरावलेलं त्याचं अंग ट्रक घाट उतरून किनाऱ्याच्या दमट उकाड्यात शिरतो तसतसं घामाने निथळतंय. कडेवर पोर घेतलेली त्याची बायकोही ट्रकमध्ये आहे. त्याने मुकादमाकडून मक्याच्या टंचाईच्या महिन्यात उचल घेतली होती आणि आता ती फेडायला तो कापूस वेचायला निघालाय. ऊसतोडीच्या मुलखातल्या वाचकाला हा हिशेब समजावून सांगायला नको.

रात्र भिंती नसलेल्या लांबलचक छपराखाली काढायची. सकाळी तुम्ही ओळीत वाकून कापूस वेचत असता, तेवढ्यात फवारणीचं विमान डोक्यावरून जातं. कोणी बाजूला होत नाही. बाजूला व्हायचं तरी कुठे?

डोंगरातल्या त्याच्या तुकड्यावर वर्षभराचा मका पिकत नाही. बापाच्या तुकड्याचे वाटे झाले, त्या वाट्यांचे पुन्हा वाटे झाले. खाली किनाऱ्यावर मात्र एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत चालता चालता दुपार होते. 1979 च्या शेतीगणनेत हे आकड्यांत आलं: जेमतेम अडीच टक्के मोठ्या मळ्यांकडे देशातली सुमारे 65 टक्के शेतजमीन. ही गोष्ट गणनेआधीही सगळ्यांना ठाऊक होती. 1952 साली हाकोबो आर्बेन्स या राष्ट्राध्यक्षाने मोठ्या मळ्यांतली पडीक जमीन ताब्यात घेऊन वाटायला सुरुवात केली. सुमारे एक लाख कुटुंबांना ती मिळाली. त्यात युनायटेड फ्रूट कंपनीचीही जमीन गेली. जून 1954 मध्ये अमेरिकेच्या सीआयएने उभ्या केलेल्या बंडाने आर्बेन्सला घालवलं, आणि वाटलेली जमीन पुन्हा जुन्या मालकांकडे गेली. तेव्हापासून या देशात ‘मोठ्यांची जमीन वाटा’ असं चारचौघांत म्हणणं जिवावरचं झालं.

पण भूक तर होतीच. वॉशिंग्टनमधल्या पाठीराख्यांनाही काहीतरी सुधारणा केल्याचं दाखवायचं होतं, कारण क्यूबात जे झालं ते डोळ्यांसमोर होतं. मग 1962 मध्ये कृषी परिवर्तनाचा कायदा आला आणि त्याबरोबर ‘इंता’ नावाची संस्था. तिचं काम लोकांना जमीन देणं. कुठली जमीन? किनाऱ्यावरची सुपीक काळी नव्हे. उत्तरेला मेक्सिकोच्या सीमेलगत आणि पेतेनकडे जंगल पडलं होतं, ते द्यायचं. म्हणजे जमीनदाराला हात न लावता भूमिहीनाला जमीन मिळाल्याचं नाव होतं. अशी युक्ती एखाद्या जनरलला आवडली नसती तरच नवल. पुढची पंचवीस वर्षं हा देश जवळजवळ सलग जनरल आणि कर्नलांच्या हाती होता. एक नागरी राष्ट्राध्यक्ष मध्ये येऊन गेला, तोही लष्कराच्या अटी मान्य करून.

आता चला जंगलात.

बारियासच्या पुढे गाडीरस्ता संपतो. तिथून डोंगर उतरत, ओढे ओलांडत दिवसच्या दिवस पायी. पाठीवरच्या ओझ्याचा पट्टा कपाळावर घेतलेला. त्यात मक्याचं बियाणं, मीठ, कोयता, कुऱ्हाड, एक कढई. इश्कान नदी लागली की मुक्काम जवळ आला. इश्कान आणि शालबाल या दोन नद्यांमधला हा प्रदेश, याला इश्कान ग्रांदे म्हणतात. 1966 मध्ये मेरीनोल पंथाच्या अमेरिकी कॅथलिक पाद्र्यांनी वेवेतेनांगोच्या गरीब कुटुंबांना घेऊन इथे वस्ती करायला सुरुवात केली. इकडे कोणी मालक फिरकत नव्हता.

पहिली रात्र तुम्हाला झोप येणार नाही. अंधारात कोणीतरी डरकाळ्या फोडतंय असं वाटेल. घाबरू नका, ती माकडं आहेत. इथली काळी, मोठ्या घशाची माकडं पहाटेच्या आधी अशीच ओरडतात, आणि डोंगरातून आलेली पोरंही पहिल्या रात्री तुमच्यासारखीच आईला बिलगतात. भ्यायचंच असेल तर पायाखालच्या पानांना भ्या. त्यांत पिवळ्या हनुवटीचा साप असतो, आणि जवळचा दवाखाना कित्येक दिवसांच्या वाटेवर आहे. मलेरियाला भिऊन उपयोग नाही, तो होणारच.

जंगल तोडायचं काम वरून दिसतं त्याहून अवघड. आधी खालची झुडपं आणि वेली कोयत्याने साफ करायच्या. मग मोठी झाडं, आणि तीही अशा बेताने पाडायची की एक पडताना चार घेऊन पडेल. मग उन्हाळ्याची वाट बघायची, वाळू द्यायचं, पेटवायचं. राख गार झाली की टोकदार काठीने भोक पाडून त्यात दाणे टाकायचे. जळकी खोडं तशीच शेतात उभी, आडवी. त्यांच्यामधून मका वर येतो. तोदोस सांतोसच्या माणसाने डोंगरात एवढा उंच मका कधी पाहिलेला नाही. इथे वर्षातून दोनदा पीक येतं हे त्याला दुसऱ्या वर्षी कळतं. त्या वर्षी तो किनाऱ्यावर जात नाही. त्याच्या आयुष्यातलं पहिलं असं वर्ष.

प्रत्येक कुटुंबाला चारशे कुएर्दा. आपल्या हिशेबाने 43 एकरांच्या आसपास. जमीन सामूहिक, सहकारी संस्थेची. वहिवाट ज्याची त्याने करायची, पण विकायची नाही. मायालान, शालबाल, पुएब्लो नुएवो, कुआर्तो पुएब्लो, लोस आंहेलेस अशी केंद्रं वसत गेली. प्रत्येक ठिकाणी चर्च, शाळा, सहकारी दुकान, आणि गवत कापून सपाट केलेली विमानांची धावपट्टी.

धावपट्टीला इथे रस्त्याचं मोल आहे. 1969 पासून या वसाहतीचं काम विल्यम वूड्स या पाद्र्याकडे आहे. हा टेक्ससचा, विमान स्वतःच चालवणारा. त्याच्या छोट्या विमानातून आजारी माणूस बाहेर जातो आणि आत मीठ, औषधं, पत्रे, पिल्लं येतात. मका विमानातून विकायला नेणं परवडत नाही, तो वजनाला जड आणि दराला हलका. म्हणून वजनाला हलकं, दराला भारी असं काहीतरी लावायला हवं होतं. तुम्ही संस्थेच्या गोदामात डोकावा. अंधारात वास येतो तो ओळखीचा, सणासुदीच्या स्वयंपाकघरातला. पोत्यांत वेलदोडा आहे. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत रानोमाळ उगवणारं हे झुडूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने ग्वाटेमालात आणलं. इथे कोणी ते खात नाही. सगळा माल अरबांच्या कॉफीत जातो. वेलदोडा सोलणाऱ्या बाईला तुम्ही खुणेने सांगितलंत की आमच्याकडे हा चहात घालतात, तर ती हसेल. तिच्यासाठी ती मिठाची, साबणाची आणि कोयत्याची किंमत आहे.

एक उडी राजधानीत. मुक्काम थोडाच.

1970. कार्लोस आराना ओसोरिओ नावाचा कर्नल निवडून आलाय. पूर्वेकडच्या साकापात गनिमांचा बंदोबस्त करताना त्याने शेतकऱ्यांचे जे हाल केले त्यावरून त्याचं नाव देशभर झालं होतं. यंदाच एक फर्मान निघतं. वेवेतेनांगोपासून किचे आणि आल्ता वेरापास ओलांडत कॅरिबियन किनाऱ्याकडच्या इसाबालपर्यंत, देशाच्या उत्तर अंगाला एक आडवा पट्टा आखला जातो. नाव ‘फ्रांहा त्रान्सवेर्साल देल नोर्ते’, उत्तरेचा आडवा पट्टा. हा विकासाचा प्रदेश. नकाशावर तुमच्या ओळखीची ती मायालानची वस्ती शोधू नका. टेबलाभोवतीच्यांना त्या रेषांखाली दुसरं काही दिसतंय. त्या दशकात रुबेलसांतोला तेल लागतं. तेल म्हणजे रस्ता आला, रस्ता म्हणजे जमिनीचा भाव आला. आणि ज्या अधिकाऱ्यांच्या कचेरीतून भूमिहीनांना जमीन द्यायची, त्यांच्यापैकी काहींच्या नावावर पट्ट्यात मोठमोठे मळे दिसू लागतात. लोक त्याला ‘जनरलांचा पट्टा’ म्हणतात. पट्ट्याचा कारभार पाहणारा रोमेओ लुकास गार्सिया हा जनरल पुढे संरक्षणमंत्री होईल, मग राष्ट्राध्यक्ष. आल्ता वेरापासचाच तो, तिथली केक्ची भाषा बोलणारा. रुबेलसांतोच्या बाजूलाच त्याचीही जमीन.

पण लुकासच्या आधी एक जनरल आहे, आणि त्याला भेटायलाच आपण एवढे लांब आलो.

1975, मायालान. सकाळपासून धावपट्टीवर माणसं जमलीत. शाळेची पोरं ओळीत उभी. तोदोस सांतोसच्या लोकांनी दोन वर्षांपूर्वी स्थापलेल्या ‘फ्लोर तोदोसांतेरिता’ या सहकारी संस्थेचं आज औपचारिक उद्घाटन आहे, आणि त्यासाठी खुद्द राष्ट्राध्यक्ष येणार. मारिंबा वाजत असणारच, या देशात तिच्याशिवाय स्वागत होत नाही. तुम्ही मागे, बायकांच्या बाजूला उभे राहा. पुढे सैनिक आहेत.

तो आकाशातून येतो. दुसरी वाटच नाही. केल एउहेनिओ लाउगेरूद गार्सिया. बाप नॉर्वेजियन, म्हणून हे नाव. मागच्या वर्षी तो निवडणूक जिंकला असं जाहीर झालं, मोजणीत मात्र दुसराच जनरल पुढे होता असं बहुतेकांना वाटतं. त्या दुसऱ्याचं नाव एफ्राईन रिओस मोन्त. त्याला लष्करी प्रतिनिधी करून माद्रिदला धाडलं. हे नाव लक्षात ठेवा, सात वर्षांनी लागेल.

लाउगेरूदने कोणती वाक्यं उच्चारली ते मी रचून सांगणार नाही. त्याचा कल मात्र सर्वांना माहीत आहे. सहकार त्याला मनापासून आवडतो. त्याच्या कारकिर्दीत, 1976 पर्यंत, देशातल्या सहकारी संस्था पाचशेच्या वर गेल्या, निम्म्याहून अधिक डोंगरातल्या आदिवासी मुलखात. अमेरिकेचा विकासनिधी त्यामागे होता. त्याच्या सोबतीला सत्तेत असलेल्या कडव्या उजव्यांना या सहकारात कम्युनिझमचा वास येत होता, आणि त्यावरून त्यांचं त्याच्याशी बिनसलं. म्हणजे हा माणूस नुसता फोटोसाठी आला नव्हता. त्याला खरोखरच वाटत असावं की जंगलात चारशे कुएर्दा मिळालेला माणूस बंदूक उचलणार नाही. ढोंगी जनरल समजायला सोपा. हा तसा नव्हता, आणि त्यामुळेच तो मला जास्त धोकादायक वाटतो. जमीन आपणच दिली असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

तुम्ही त्या गर्दीत उभे आहात, आणि तुमच्या शेजारचा माणूस, तोच तो ट्रकमधला, टाळ्या वाजवतोय. खऱ्या मनाने. आयुष्यात पहिल्यांदा सरकार त्याच्या दारात आलंय आणि त्याने काही मागितलेलं नाही. त्याच्या हाताकडे बघा. त्या हाताने या धावपट्टीवरची झाडं पाडली. जनरलने एकही पाडली नाही. हे जंगल सरकारच्या वहीत कोणाच्या उपयोगाचं नव्हतं तोवर ते द्यायला सोपं होतं. आता ते साफ झालंय, त्यात वेलदोडा आहे, विमान उतरतंय, आणि राष्ट्राध्यक्षाने ते डोळ्यांनी पाहिलंय. पाहणाऱ्यांत फक्त तोच नाही, त्याच्यासोबतचे अधिकारीही आहेत.

जंगलात आणखी कोणी आहे. 1972 च्या जानेवारीत मेक्सिकोच्या बाजूने मूठभर सशस्त्र माणसं सीमा ओलांडून आली. पुढे त्यांनी ‘गरिबांची गनिमी सेना’ असं नाव घेतलं. त्यांनी या वस्त्यांच्या मीठ-साबणाच्या दुकानांत खरेदी केली, रात्री झोपड्यांत बसून गप्पा मारल्या. 1975 च्याच 7 जूनला, शनिवारी, ला पेर्ला मळ्यावर मजुरांना पगार वाटत असताना त्यांनी लुईस आरेनास या मळेवाल्याला ठार केलं. ‘इश्कानचा वाघ’ म्हणत त्याला. मजुरांना कर्जात अडकवून ठेवणारा म्हणून तो कुप्रसिद्ध होता. आणि मग लष्कर त्या वाघाच्या मारेकऱ्यांना शोधायला वस्त्यांत आलं. सहकारी संस्थांतले पुरुष उचलले गेले. कोणत्या छावणीत नेले, कुठे पुरले, कोणी सांगितलं नाही. वर्ष तेच, राष्ट्राध्यक्षही तोच.

1976 घाईने ओलांडू. 4 फेब्रुवारीच्या पहाटे तीनच्या सुमारास भूकंप झाला, देशभरात तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली, बहुतेक मातीच्या भिंतींखाली. 20 नोव्हेंबरला वूड्सचं विमान कोत्सालजवळच्या डोंगरात पडलं. तो आणि सोबतचे चार अमेरिकी, कोणी वाचलं नाही. हे लष्कराने केलं असा संशय तेव्हापासून आजवर गेलेला नाही. वस्तीपुरतं म्हणाल तर त्या दिवशी बाहेरच्या जगाकडे जाणारा त्यांचा रस्ता गेला.

आता पूर्वेकडे पान्सोसला चला. पोलोचिक नदीचं खोरं, हवा जड. तारीख 29 मे 1978. लाउगेरूदची कारकीर्द संपायला महिना राहिलाय.

इथले केक्ची लोक कोणी पाठवलेले वसाहतकरी नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्या याच खोऱ्यात कसत आलेत. कागद नव्हता, कारण मागायची वेळच आली नव्हती. पट्ट्याची घोषणा झाली, निकेलच्या खाणीची बोलणी झाली, रस्ते आले, आणि शेजारचे मळेवाले त्यांच्या मक्यात कुंपणं ठोकू लागले. त्यांनी ‘इंता’कडे अर्ज केले. ‘इंता’ने आश्वासनं दिली. आज ते शेकड्यांनी गावच्या चौकात आले आहेत, एक पत्र घेऊन. ते नगराध्यक्षाने वाचावं एवढंच त्यांचं मागणं. पुरुषांच्या कमरेला कोयते आहेत, ते कामावरून येताना असतातच. पुढे एक म्हातारी, आदेलिना काल माकिन. लोक तिला ‘मामा माकिन’ म्हणतात, मामा म्हणजे इथे आई. नगरपालिकेच्या छतावर आणि चर्चजवळ काही दिवसांपूर्वी आणलेले सैनिक उभे आहेत.

तुम्ही चौकाच्या कडेला राहा, नदीकडच्या गल्लीच्या तोंडाशी.

गोळीबार फार वेळ चालला नाही. मामा माकिन पहिल्यांत पडली. पळणाऱ्यांपैकी काही जण पोलोचिकमध्ये उड्या टाकून बुडाले. सत्यशोधन आयोगाने पुढे मोजलेल्या मृतांची संख्या 53. प्रेतं गावाबाहेर यंत्राने खणलेल्या खड्ड्यात टाकली गेली. तो खड्डा आधीच खणून ठेवला होता असं गावकरी सांगत आले. 1997 मध्ये न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांनी तो उकरला.

मायालानमध्ये टाळ्या घेणाऱ्या आणि पान्सोसच्या वेळी राजवाड्यात असलेल्या माणसात मला विसंगती दिसत नाही. मायालानच्या लोकांनी मिळालेलं घेतलं होतं. पान्सोसचे लोक ‘ही आमचीच आहे’ म्हणत होते. एकाला देणारा लागतो, दुसऱ्याला लागत नाही. असल्या राजवटीला हे दुसरं वाक्य ऐकवत नाही.

1 जुलैला लुकास गार्सिया गादीवर आला आणि फरक पडला तो एवढाच, की आता दुसरं तोंडच राहिलं नाही.

14 मार्च 1982. कुआर्तो पुएब्लो. रविवार, बाजाराचा दिवस. लांबच्या केंद्रांवरून लोक वेलदोडा विकायला, मीठ घ्यायला आलेत. कॅथलिक चर्चमध्ये आलेत, इव्हान्जेलिकल चर्चमध्येही आलेत. लष्कराने वेढा घातला, आणि सैनिक तिथे पुढचे काही दिवस राहिले. तीनशेहून अधिक माणसं मारली, त्यांत बायका आणि मुलं, मग प्रेतं जाळली. रिकार्दो फाया या जेसुइट मानवशास्त्रज्ञाने वाचलेल्यांना भेटून हे एक-एक करून लिहून ठेवलं. ते पुस्तक 1992 मध्ये निघालं. सविस्तर तिथे वाचा. मी तुम्हाला बाजारात नेत नाही, बाजारापासून अर्ध्या तासावर, जंगलात उभं करतो.

तिथे एक कुटुंब बसलंय. त्यांना यायला उशीर झाला, म्हणून ती माणसं जिवंत आहेत. धूर दिसतोय. वास येतोय. पहिल्या आठवड्यात तुम्ही शिकाल ते असं: चूल फक्त रात्री, नाहीतर धुराने हेलिकॉप्टरला जागा कळते. मीठ संपलं की संपलं. भुंकणारं कुत्रं ठेवता येत नाही, मालकालाच ते मारावं लागतं. तान्हं पोर रडू लागलं की आईच्या तोंडाकडे सगळे बघतात. शेतातला मका कापायला रात्री जायचं, आणि मग कळतं की सैनिकांनी तोही कापून टाकलाय. काही कुटुंबं सीमेवरची साफ केलेली पट्टी ओलांडून मेक्सिकोत चियापासला गेली. काही कित्येक महिने, काही तर वर्षानुवर्षं याच झाडांत, जागा बदलत राहिली. मेक्सिकोत नोंद झालेले ग्वाटेमाली निर्वासित सेहेचाळीस हजारांच्या घरात होते.

नऊ दिवसांनी, 23 मार्चला, लुकासला तरुण अधिकाऱ्यांनी हाकललं आणि रिओस मोन्तला आणून बसवलं. मघाचं नाव. त्याच्या काळात डोंगरातली गावं जाळण्याचं काम थांबलं नाही, उलट शिस्तीत होऊ लागलं.

शेवटचा थांबा पुन्हा कचेरीत. 1980 च्या दशकाचा मध्य. खिडक्या, टाइपरायटर, फायली. ‘इंता’च्या कायद्यात एक कलम आहे: वाटून दिलेली जमीन कसणाऱ्याने सोडून दिली, तर ती परत घेऊन दुसऱ्याला देता येते. कलमाचा मूळ हेतू वाईट नव्हता, कोणी जमीन अडवून बसू नये एवढाच. आता इश्कानच्या रिकाम्या वाट्यांच्या फायली या कलमाखाली हलतात. कारण: स्वेच्छेने सोडली. मग लष्कर देशाच्या इतर भागांतून नवे भूमिहीन आणतं. त्यांनाही किनाऱ्यावरच्या मळ्यांवर जायचा कंटाळा आलेला, त्यांनाही डोंगरात तुकडा पुरत नसलेला. त्यांना लष्कराच्या देखरेखीखालच्या गावांत घरं, गस्तीची सक्ती, आणि जुन्या माणसांच्या तोडलेल्या, साफ केलेल्या जमिनीवर वाटा. जंगल तोडायचं काम त्यांना करावं लागलं नाही, झुडूप माजलं होतं तेवढंच. काही ठिकाणी तर जुन्यांचा वेलदोडा अजून फळत होता.

20 जानेवारी 1993 ला तुम्ही मेक्सिकोहून निघालेल्या बसमध्ये आहात. सुमारे अडीच हजार माणसं, बसच्या रांगा. परतीच्या अटी लेखी करार करून ठरल्यात. सरकारला त्यांनी गुपचूप, आडवाटेने थेट जंगलात जावं असं हवं होतं. त्यांनी ते नाकारलं, आणि ताफा महामार्गाने, राजधानीतून गेला. वाटेत गावोगावी लोक रस्त्यावर आले होते. बसमध्ये बसलेल्या निम्म्या पोरांनी हा देश कधी पाहिलेला नाही, ती खिडकीतून स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारतायत, आणि त्यांचं स्पॅनिश मेक्सिकन वळणाचं आहे. बायकांच्या एका गटाने छावणीतच संघटना काढली होती, तिचं नाव ‘मामा माकिन’. इश्कानमध्ये वसवलेल्या नव्या वस्तीला त्यांनी परतीच्याच तारखेचं नाव दिलं, ‘विक्तोरिया 20 दे एनेरो’.

त्यानंतरची वर्षं सभांमध्ये जातात. त्या माणसाला, ट्रकमधल्या, आता केस पांढरे झालेत, त्याचा जुना वाटा हवाय. त्याला तो कुठून कुठपर्यंत हे पाठ आहे: ओढा, ओढ्यापलीकडची मोठी शिळा, तिथून सरळ शालबालच्या बाजूला. त्या वाट्यावर दहा वर्षांपासून दुसरं कुटुंब राहतंय. त्यांचं एक मूल तिथेच पुरलंय. दोघांनी मका लावलाय, दोघांच्या हातावर घट्टे आहेत, आणि दोघांनाही तिथे पाठवणारं सरकार एकच. पंचांच्या बैठकीत नवा माणूस म्हणतो, मला लष्कराने इथे आणलं, मी कुठे जाऊ? जुना माणूस म्हणतो, मला लष्कराने इथून घालवलं, मी कुठे जाऊ? मधला दुभाषा दोघांचं बोलणं एकमेकांना सांगतो, कारण एक माम बोलतो आणि दुसरा केक्ची. बैठक पुढच्या आठवड्यावर जाते. येताना मोजणीची दोरी घेऊन या, असं ठरतं.